दर रविवारचं विज्ञान थांबवून एकाच विषयाला बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आला. नऊ वर्षं दर रविवारी विज्ञानावर सातशे-आठशे शब्द लिहितेय, कधी ब्लॅक होल, कधी डेंगी, कधी मधमाश्या, वाचणारे आहेत, पण आता दमल्यासारखं वाटतंय आणि एखाद्या विषयावर नीट, मोठं असं काहीतरी लिहावंसं वाटतंय. तर हे रविवारचं बंद करावं का, वाचक तुटतील का, आणि नऊ वर्षांच्या त्या ढिगाऱ्याचं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर, बंद करा. पण दमलात म्हणून नको. दमलेल्या माणसाने महिनाभर सुट्टी घ्यावी, गावी जावं, झोपा काढाव्यात, आणि परत आल्यावरही तोच एक विषय डोक्यात घोळत असेल तरच बंद करावं. कारण दमून बंद केलेलं लिखाण तीन महिन्यांत परत सुरू होतं आणि मग ना ते रविवारचं धड राहतं ना ते मोठं. माझं एकदा झालंय तसं, म्हणून सांगतोय.

माझी गोष्ट सांगतो, त्यातच बहुतेक उत्तर येईल. मी सातारा भागात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचो. अकरा वर्षं दर आठवड्याला एक लेख. विषयाला बंधन नव्हतं, जे वाचलं ते लिहिलं. मजा खूप आली हो, खोटं कशाला बोलू. मंगळवारपर्यंत काहीतरी बातमी सापडायची, गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसायचं, शनिवारी हातावेगळं, आणि रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी 'सर आज मस्त होतं' म्हणायचा. या एका वाक्यावर माणूस आठवडाभर जगतो. पण त्याच वाक्यामुळे मला कळायला उशीर झाला की आपण एकच लेख सव्वापाचशे वेळा लिहितोय. सुरुवातीला एक गमतीशीर प्रश्न, मध्ये दोन परिच्छेद माहिती, शेवटी 'विज्ञान किती अद्भुत आहे बघा'. विषय बदलायचा, साचा तोच.

एका प्रकाशकाकडे गठ्ठा घेऊन गेलो, म्हटलं निवडक पन्नास काढू. त्यांनी चाळून विचारलं, 'छान आहे सगळं, पण पुस्तक कशाबद्दल आहे?' मला राग आला तेव्हा. घरी येऊन सगळ्या लेखांची यादी केली, विषयानुसार खुणा केल्या, आणि बघतो तर साठ-पासष्ट लेख दगडावर! म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा दगड, लोणार, कोयनेचा भूकंप, विहिरी, गारगोट्या, किल्ल्यांचे कातळ. मी फिजिक्सवाला, भूशास्त्राचा एक पेपर सोडवलेला नाही आयुष्यात, पण दर आठनऊ आठवड्यांनी आपोआप दगडाकडे वळत होतो आणि मला स्वतःला ते माहीतच नव्हतं. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की कुठला विषय घेऊ असं कोणाला विचारत बसू नका, जुनी यादी काढा. नऊ वर्षांत तुम्ही कोणी न सांगता कुठे कुठे परत गेलात ते तिथे लिहिलेलं असतं.

त्या साठ-पासष्ट लेखांत चुका किती होत्या तेही तेव्हाच कळलं. लोणारचंच घ्या. मी लिहिलं होतं की हे विवर बावन्न हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा सगळे तेच लिहायचे, मीही लिहिलं. २०११ साली आर्गॉन पद्धतीने (दगडातल्या आर्गॉन वायूवरून) केलेलं वयमापन छापून आलं, त्यात वय निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे दहापटीहून जास्त फरक! आणि मी काय केलं, तर त्यानंतरही दोनदा बावन्न हजारच लिहिलं, कारण मी माझ्याच जुन्या लेखातून आकडा उचलत होतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी लिहिलं तसं मीही लिहिलं, पुण्याच्या आघारकर संस्थेने मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण शोधलं तेही लिहिलं, पण वय तेच जुनं. दर आठवड्याला नवीन विषय असला की मागे वळून बघायला वेळच नसतो, आणि कोणी चूक दाखवतही नाही कारण वाचक पण पुढच्या रविवारवर गेलेला असतो.

दुसरी चूक अजून लाजिरवाणी. उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटावर दगडी खांब आहेत षटकोनी, फार सुंदर. मी ठोकून दिलं की हा आपल्याच दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे ज्यापासून सह्याद्रीचा काळा दगड झाला त्याचाच भाग. तो दगड सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, मादागास्कर भारतापासून तुटलं त्या काळातला. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा खांबांचा कातळ आपला, ते बेट आपलं नाही. दोन्हीकडे खांब दिसले म्हणून मी नातं जुळवून मोकळा झालो.

पण खरा झटका बसला तो २०१९ च्या दोन पेपरांनी. 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे पेपर आले, दोन्ही दख्खनच्या लाव्हाचं वय काढणारे, दोन्ही वजनदार. एका गटाने युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून वय काढलं, त्यासाठी झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण लागतात, ते त्यांना मिळाले लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीत. त्यांचं म्हणणं की उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले आणि त्यातला एक मोठा झटका डायनासोर संपण्याच्या थोडा आधीचा. दुसऱ्या गटाने आर्गॉनवरून खुद्द दगडाचं वय काढलं, त्यांच्या हिशोबाने लाव्हा बराचसा सलग येत राहिला आणि त्यातला बहुतेक भाग तर डायनासोर संपल्यानंतर बाहेर पडला. आता माझं झालं असं की मी आधी एका रविवारी लिहिलेलं की आपल्या सह्याद्रीने डायनासोर मारले, लोकांना फार आवडलं, अभिमान वगैरे. मग कधीतरी लिहिलं नाही हो, मेक्सिकोत अशनी पडली तिने मारले. मग हे दोन पेपर आले. पुढे कधीतरी एका वाचकाने वैतागून लिहिलं, 'सर, एकदा काय ते ठरवा.' तो बरोबर होता. भांडण काय आहे, दोन पद्धती वेगळं उत्तर का देतात, तो लाल थर म्हणजे नेमकं काय, हे सातशे शब्दांत मावत नाही, मग आपण निकाल सांगून मोकळे होतो. निकाल बदलला की वाचकाला वाटतं शास्त्रज्ञांना काही कळत नाही. हे पाप आपलं आहे, शास्त्रज्ञांचं नाही. त्या रात्री मी ठरवलं बास.

आता नेमकं लिहायचं म्हणजे काय, इथे बहुतेक जण गंडतात. विषय ठरवून चालत नाही, प्रश्न लागतो. 'दख्खनचा दगड' हा विषय घेऊन मी आठ महिने घालवले आणि हाती आलं काय तर विश्वकोशातल्या नोंदीसारखं काहीतरी. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, पश्चिमेला जाडी दोन किलोमीटरच्या वर, 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या शब्दावरून आला, वगैरे वगैरे. सगळं खरं आणि सगळं मेलेलं. पहिलं प्रकरण बायकोने वाचलं आणि म्हणाली झोप छान लागली. फेकून दिलं.

प्रश्न मिळाला शेजारच्या शेतात. आमच्या शेजारच्याने बोअर मारलं, ४२० फूट गेलं, नुसती करडी भुकटी. पाणाडी आणला होता, नारळ हातावर उभा राहिला होता, सगळं झालं होतं. आणि बांधापलीकडे त्याच्याच चुलतभावाचं बोअर, १८० फुटांवर दोन इंच पाणी. मी नेमका तिथे उभा होतो, तर तो मला म्हणाला, 'सर, तुम्ही एवढं लिवता, मग सांगा की हे असं का?' मला सांगता आलं नाही. दगडावर साठ लेख लिहिलेल्या माणसाला!

मग तोच प्रश्न धरला. बांधाच्या अलीकडे पाणी नाही आणि पलीकडे आहे, का? आणि गंमत अशी की या एका प्रश्नातून सगळंच्या सगळं दख्खन बाहेर येतं, काही ओढूनताणून आणावं लागत नाही. लाव्हाचा प्रत्येक थर थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर जातात, म्हणून थराचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि आतला भाग घट्ट. त्या भोकांत पुढे पाण्याबरोबर खनिजं येऊन बसतात, तीच आपली गारगोटी, झिओलाइट, सिन्नरच्या संग्रहालयात ठेवलेली ती सुंदर स्फटिकं, वाघोलीच्या खाणीतलं ते निळंशार कॅव्हन्साइट. विहीर खणणारी माणसं अशा ठिपक्याठिपक्याच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट भागाला काळा पाषाण. पाषाणाला भेग नसेल तर त्यात पाणी राहणार कुठे? मांजऱ्या लवकर कुजतो, मुरूम होतो, त्यात मुरतं. दोन थरांच्या मध्ये लाल माती, म्हणजे मधल्या काळात जमीन उघडी होती, हवापाणी खात होती, त्यावर पुन्हा नवीन लाव्हा आला. घाटात रस्त्याकडेला कापलेल्या डोंगरात जी लाल रेघ दिसते ती हीच. हीच ती माती जिच्यातल्या झिरकॉनवरून त्या पहिल्या गटाने डायनासोरांचा हिशोब मांडला. म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरमधून निघून मी परत डायनासोरांपाशी आलो, पण या वेळी रस्ता माझ्या पायाखालचा होता.

आणि थरांची नावं तरी बघा. भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या लाव्हाचे गट पाडलेत, खालून वर अशी नावं आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटी स्टँडवरचा बोर्ड वाचतोय असं वाटतं. जगभरच्या रिसर्च पेपरमध्ये ही नावं छापली जातात आणि ज्यांची ही गावं त्यांना पत्ता नाही. मी अकरा वर्षांत एकदाही हे लिहिलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं, कारण एका आठवड्यात एवढं खाली जाताच येत नाही.

किल्लारी आणि कोयनेचंही तसंच. रविवारच्या लेखात दोन्ही भूकंप शेजारी शेजारी यायचे, ११ डिसेंबर १९६७ आणि ३० सप्टेंबर १९९३, रिश्टरचे आकडे, मृतांचे आकडे, संपलं. प्रश्न हातात आल्यावर मी वेगळंच बघायला लागलो, की दोन्हीकडे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं तेव्हा खाली काय निघालं. किल्लारीला ६१७ मीटरचं छिद्र, त्यात काळा दगड फक्त ३३८ मीटर, खाली थोडासा गाळाचा थर आणि मग जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेजवळ गोठणे इथे ३ किलोमीटर खोल गेले, तिथे काळा दगड सव्वा किलोमीटर आणि मग थेट जुना खडक. म्हणजे आपण ज्याला अभेद्य, कायमचं वगैरे म्हणतो ते पठार म्हणजे एक पांघरूण आहे, कुठे जाड गोधडी, कुठे पातळ चादर, आणि हालचाल होते ती पांघरुणाखाली. हे कळल्यावर मी किल्लारीवर जे लिहिलं ते आधीच्या तीन लेखांपेक्षा फार वेगळं होतं. घरांबद्दलही. गणेश विसर्जनाची रात्र, माणसं दमून घरात झोपलेली, आणि घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर धाब्याचं वजन. ज्या दगडाने उन्हाळ्यात थंडावा दिला तोच अंगावर आला. एका जुन्या गवंड्याशी त्यावर तासभर बोललो. रविवारच्या लेखासाठी मी कधी कोणाशी तासभर बोललो नव्हतो.

मराठीत मोठं लिहायची अजून एक अडचण आहे ती आधीच माहीत असू द्या. छोट्या लेखात आपल्या काळ्या दगडाला 'बेसाल्ट' लिहून पुढे पळता येतं. तीनशे पानांत पळता येत नाही, शब्द ठरवावे लागतात. परिभाषा कोशातले शब्द बरेचदा शेतकऱ्याला कळत नाहीत आणि शेतकऱ्याचे शब्द कोशात नाहीत. मी शेवटी वहीच केली, डावीकडे पेपरमधला शब्द, उजवीकडे विहीर खणणाऱ्याचा, मध्ये कोशातला. काही ठिकाणी उजवीकडचा शब्द इतका नेमका निघाला की मधला खोडून टाकला. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' काढलं तेव्हापासून आपण हे करतोय आणि अजून पुरं झालेलं नाही, तर तुमच्या वाट्यालाही येणारच.

आता वाचकांचं. तुटतील. गोड बोलत नाही. पहिल्या महिन्यात विचारतात, दुसऱ्यात कमी, सहा महिन्यांनी टपरीवर तुम्हाला नुसतं 'काय सर, बरं आहे का' राहतं. मला हे जड गेलं, वाटलं त्यापेक्षा जास्त. चौदा महिने कोणी एक शब्द वाचला नाही माझा आणि त्या चौदा महिन्यांत तीनच प्रकरणं झाली. मग एकदा न राहवून दोन रविवार परत लिहिलं, कौतुक झालं, आणि पुस्तकावर परत बसायला दीड महिना लागला. म्हणून ते 'अधूनमधून लिहीत राहीन' वालं करू नका. ज्यांचं घर त्या लिखाणावर चालतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी जरूर चालू ठेवावं आणि मोठ्या कामाला पहाटेचा तास काढावा. तुमचं तसं नाही असं प्रश्नावरून वाटतं.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं मला अशा वेळी आठवतं. १९३० च्या पावसाळ्यात हाताला नोकरी नाही, अलिबागजवळ किहीमला राहत होते, आणि घराजवळ सुगरणींची वसाहत. पठ्ठ्या बसून बघत राहिला. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! सुगरण सुगरण म्हणून आपण जिचं कौतुक करतो ते घर विणणारा नर असतो हे त्या बसून राहण्यातून नीट मांडलं गेलं. किहीमला त्या वर्षी बाकीही पक्षी असतीलच की.

जुन्या ढिगाऱ्याचं सांगतो. जाळू नका, जसंच्या तसं पुस्तकही करू नका. मी तीन गठ्ठे केले. जे चुकीचं निघालं त्यावर तांबड्या पेनाने काय चुकलं ते लिहून ठेवलं आणि शेवटच्या दोन रविवारी फक्त माझ्या चुकांचीच यादी दिली, लोणारचं वय, सेंट मेरीज, सगळं. आश्चर्य म्हणजे अकरा वर्षांत सगळ्यात जास्त पत्रं त्या दोन लेखांना आली. दुसरा गठ्ठा नव्या कामाला कच्चा माल. तिसरा, सगळ्यात मोठा, बाकीचं सगळं, ब्लॅक होल, डेंगी, मंगळयान. तो एका होतकरू पोराला देऊन टाकला, म्हटलं यातलं काय हवं ते वापर, आकडे मात्र तपासून घे. निरोपाचा मोठा लेख लिहू नका बरं का, फार वेळ खातो आणि मग परत यायला लाज वाटते.

मोठ्या लिखाणासाठी तुम्ही पत्रात तीन विषय दिलेत, जनुकं, हवामान आणि मधमाश्या. मी तुम्हाला ओळखत नाही, पण पहिल्या दोघांवर तुम्ही प्रत्येकी एक ओळ लिहिलीय आणि मधमाश्यांवर सात. त्यात 'आमच्या मामाकडे सातेरीच्या पेट्या होत्या, त्या एका वर्षात सगळ्या रिकाम्या झाल्या' हे एक वाक्य आहे (सातेरी म्हणजे आपली पेटीत पाळतात ती देशी माशी). अहो, प्रश्न तर तुम्हीच लिहून पाठवलाय! त्या पेट्या का रिकाम्या झाल्या? त्या कुठल्या वर्षी रिकाम्या झाल्या ते मामांना विचारा आधी. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीवर विषाणूची मोठी साथ येऊन गेलीय, थाई सॅकब्रूड म्हणतात तिला, मामांचं साल आणि गाव त्याच्याशी जुळतं का बघा, जुळलं नाही तर अजूनच चांगलं, शोधायला जागा राहते. साठच्या दशकात आपल्याकडे युरोपची मेलिफेरा माशी आणून रुजवली, तिने सातेरीचं काय केलं हेही त्यात येईल. आग्या आणि फुलोरी या दुसऱ्या माश्या पेटीत का राहत नाहीत आणि सातेरी का राहते, तेही येईल. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, महाबळेश्वरच्या बाजूला मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव केलंय, तिथे पेट्या ठेवणारी म्हातारी माणसं असतील, त्यांच्याकडे जा. पेपर नंतर वाचा. मी उलटं केलं होतं आणि आठ महिने गेले.

पुढच्या रविवारचा लेख लिहून झाला असेल तर देऊन टाका. झाला नसेल तर मामांना फोन करा.